बॅरलला मानवणारं पेलेट कसं शोधायचं: नाशिकच्या नेमबाजांसाठी चाचणीची पूर्ण पद्धत

दहा मीटर एअर रायफल खेळणाऱ्या मुलांचे पालक हमखास विचारतात, "सर, सगळ्यात चांगलं पेलेट कोणतं?" पेलेट म्हणजे या रायफलीतून सुटणारी शिशाची छोटी गोळी. या प्रश्नाचं एकच एक उत्तर देता येत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, कारखान्यातून पाठोपाठ बाहेर पडलेल्या दोन रायफलींनाही वेगवेगळी पेलेट मानवतात. तुमच्या बॅरलला, म्हणजे रायफलीच्या नळीला, कोणतं मानवतं हे त्या बॅरललाच विचारावं लागतं. तिथे घाई केली की ती चुकीचं उत्तर देते, म्हणून सगळी पद्धत इथे सविस्तर लिहितो आहे.

पद्धत नवी नाही. अमेरिकेत जड ओतीव शिशाच्या गोळ्या वापरणारे रिव्हॉल्व्हरवाले शिकारी वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. .४४ मॅग्नमसारख्या ताकदवान रिव्हॉल्व्हरसाठी ते काडतुसं स्वतः भरतात. गोळीचा व्यास सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) तोंडाशी जुळतो का, शिसं किती कठीण आहे, बंदुकीची दारू किती भरायची, यातली एका वेळी एकच गोष्ट बदलून ते नेम तपासतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. तेव्हा त्यांची काडतुसं त्यांच्याकडेच राहू देत, आपण त्यांची शिस्त तेवढी घेऊ. आपल्याला दारूचं माप बदलायचं नसतं. आपल्या हातात पेलेटचा प्रकार, डोक्याचा व्यास आणि लॉट (कारखान्यातली खेप) एवढंच असतं, आणि तेवढं पुरतं.

कायद्याचं एक आधी सांगून टाकतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंत कॅलिबर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर गनला परवाना लागत नाही. दहा मीटरची मॅच रायफल साधारण साडेसात-आठ जूलची असते, म्हणजे या मर्यादेच्या खूप आत. पण परवाना नको म्हणजे पक्ष्यांवर नेम धरायला मोकळीक, असं मुळीच नाही. नांदूर मधमेश्वरचं पाणथळ क्षेत्र महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आणि ते आपल्याच जिल्ह्यात आहे. ज्याला गच्चीवरच्या कबुतरावर "ट्रायल" घ्यायची असेल, त्याने हा लेख इथेच सोडावा.

आधी हिशेब: पेलेटने नेमका किती फरक पडतो?

डबे विकत घ्यायच्या आधी हे गणित करून बघा. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दशांश गुणात प्रत्येक ०.१ म्हणजे केंद्रापासून ०.२५ मिमी. शॉट केंद्रापासून २.५ मिमी सरकला की १०.९ चे १०.० होतात.

नेमबाजाची चूक आणि पेलेटची चूक यांची साधी बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करायचे, त्यांची बेरीज घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. समजा, जुळलेलं पेलेट सरासरी ०.४ मिमी इकडेतिकडे जातं आणि न जुळलेलं १ मिमी. ज्या मुलाचा स्वतःचा हात सरासरी २.५ मिमी हलतो, म्हणजे जो साठ शॉटमध्ये ६०० गुणांच्या आसपास खेळतो, त्याची एकूण चूक चांगल्या पेलेटने २.५३ आणि वाईट पेलेटने २.६९ मिमी होते. साठ शॉटमध्ये हा फरक जेमतेम चार गुणांचा. ज्या मुलीचा हात १ मिमीवर आला आहे, जी ६३० च्या घरात आहे, तिच्यासाठी हेच आकडे १.०८ आणि १.४१ होतात. तिचे साठ शॉटमध्ये आठ गुण जातात. राज्य स्पर्धेत आठ गुण म्हणजे पहिल्या आठात असणं आणि प्रेक्षकांत बसणं यातला फरक.

५४० करणाऱ्या नवख्याला याच बदलाने दोनेक गुण मिळतील. त्याने महिनाभर पेलेट तपासत बसू नये. नावाजलेल्या कंपनीचा मॅच दर्जाचा एक डबा घ्यावा आणि सराव करावा. हे मी पालकांना आग्रहाने सांगतो, कारण महागड्या डब्यांवर खर्च होणारे पैसे त्या वयात प्रशिक्षणावर जास्त कामी येतात.

एअर पिस्तूलवाल्यांचं गणित वेगळं आहे. तिथे दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं आणि ०.१ म्हणजे ०.८ मिमी. हात सरासरी १० मिमी हलत असेल तर पेलेटच्या १ मिमीने निकालात काहीच दिसत नाही. पिस्तूलसाठी दोन-तीन प्रकार तपासले की झालं. पुढची सगळी मेहनत मुख्यतः रायफलसाठी आहे.

काय काय बदलून बघायचं

दहा मीटरचं पेलेट चपट्या डोक्याचं असतं, म्हणून कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं. मध्ये कंबर बारीक आणि मागे पातळ, पोकळ स्कर्ट. डोकं बॅरलमधल्या रायफलिंगवर (आतल्या पीळदार खाचांवर) टेकून सरळ चालतं आणि स्कर्ट मागच्या हवेच्या दाबाने फुगून भिंतीला चिकटतो. डोकं सैल असेल तर पेलेट बॅरलमध्ये किंचित तिरकं चालतं आणि बाहेर पडल्यावर डुलतं. फार घट्ट असेल तर शिसं जास्त घासलं जातं आणि वेग खालीवर होतो.

डब्यावर छोटं स्टिकर असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं काहीतरी लिहिलेलं. हा डोक्याचा व्यास. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक बोटांना कळत नाही, बॅरलला कळतो. त्याशिवाय वजन. रायफलसाठी ०.५३ ग्रॅम आणि पिस्तूलसाठी त्याहून हलकं, ही सर्वसाधारण पद्धत. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी, क्यूवायएस ही नावं रेंजवर ऐकू येतात. तिसरी गोष्ट लॉट, म्हणजे तयार होण्याची खेप. एकाच नावाचा, एकाच व्यासाचा डबा पुढच्या लॉटमध्ये वेगळा वागू शकतो. व्यासापेक्षाही लॉटचा फरक मोठा निघालेला मी पाहिला आहे, त्यामुळे डब्यावरचा लॉट क्रमांक लिहून न ठेवणं म्हणजे सगळी चाचणी वाया घालवणं.

सुरुवातीला सहा उमेदवार पुरेत: दोन कंपन्यांचे प्रत्येकी तीन व्यास, किंवा तीन कंपन्यांचे दोन-दोन. प्रत्येकाचा पाचशेचा डबा एकट्याने घेऊ नका. क्लबमधल्या चार-पाच जणांनी मिळून डबे आणायचे आणि प्रत्येकाने आपापल्या बॅरलसाठी प्रत्येक प्रकारची शंभरेक पेलेट वाटून घ्यायची. वाटताना ओतू नका, चिमट्याने किंवा हाताने मोजून काढा.

रायफल आधी तपासा, पेलेट नंतर

रायफलच वेग बदलत असेल तर पेलेटला दोष देण्यात अर्थ नाही. क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजायचं यंत्र, क्लबमध्ये असतोच, नसेल तर मागून आणा. एकाच पेलेटचे दहा शॉट मोजा. वेग साधारण १७० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास असेल. दहा मीटर जाईपर्यंत पेलेट सुमारे १७ मिमी खाली येतं आणि वेगात १ मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला की टार्गेटवर ते साधारण ०.२ मिमी वरखाली होतं. म्हणजे दहा शॉटमध्ये सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात ४-५ मीटरचं अंतर असेल, तर ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका) फक्त वेगामुळेच उभा लांबेल. असा उभा ग्रुप दिसला की रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा सील बघा. दुरुस्ती होईपर्यंत चाचणी थांबवा.

रायफलीच्या हवेच्या सिलिंडरचा दाब निम्म्याच्या वर असताना चाचणी करा. दाब कमी होत गेल्यावर तुमच्या रायफलचा वेग कुठे घसरू लागतो तेही एकदा क्रोनोग्राफवर शोधून लिहून ठेवा, स्पर्धेत उपयोगी पडेल. सिलिंडरवर छापलेली तारीख याच वेळी बघून घ्या. उत्पादनापासून दहा वर्षं झालेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ते वापरणं सुरक्षितही नाही.

बॅरल फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) पेलेटने पुसून घ्या. त्यानंतर लगेच मोजायला लागू नका. पुसलेली बॅरल पहिले काही शॉट इकडेतिकडे टाकते. तसंच एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना आधीच्या शिशाचा आणि त्यावरच्या वंगणाचा थर आत असतो. प्रत्येक बदलानंतर आठ-दहा शॉट टार्गेटबाहेर सोडा आणि मगच मोजायला सुरुवात करा. पेलेट कमी आहेत म्हणून ही पायरी गाळण्याचा मोह होतो. गाळू नका.

शिकंजा

हातात धरून पेलेट तपासता येत नाहीत. खांद्यावरून मारलेल्या ग्रुपमध्ये नव्वद टक्के तुम्हीच असता. रायफल शिकंज्यात हवी.

इथे नाशिककरांची मोठी सोय आहे. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत छोटे-मोठे टूलरूम भरपूर आहेत. रायफलच्या रिसीव्हरवर (बॅरलच्या मागच्या मुख्य धातूच्या भागावर) साइट बसवायची ११ मिमीची जी खाच असते, तिला पकडणारा ब्लॉक करून द्या म्हटलं की कोणताही चांगला टर्नर-फिटर रायफल न्याहाळून तो बनवून देतो. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा करून घ्या, म्हणजे रायफलला ओरखडे पडणार नाहीत. खाली जाड लोखंडी पाट आणि तो बोल्टने जड टेबलाला किंवा काँक्रीटच्या ओट्याला घट्ट बसवलेला. लाकडी टेबल डुगडुगत असेल तर त्यावर शंभर किलो रेती ठेवली तरी उपयोग नाही, ओटाच बघा.

स्टॉक (रायफलीचा दस्ता) काढून रिसीव्हर पकडायचा. बॅरलला किंवा सिलिंडरला पकडायचं नाही. दाब बदलला की सिलिंडर किंचित हलतं, आणि बॅरलवर ताण आला तर ती रोजच्यासारखी वागत नाही. ट्रिगर दाबताना बोट बाजूला ओढलं जाऊ नये म्हणून हात टेबलावर टेकवून सावकाश, सरळ मागे दाबा. शिकंजा बसल्यावर आधी एकाच पेलेटचे वीस शॉट मारून बघा. ग्रुपची जागा हळूहळू सरकत असेल तर बोल्ट ढिला आहे.

स्प्रिंगच्या रायफलला हे सगळं लागू नाही. तिच्यात जड पिस्टन पुढेमागे आदळतो आणि शिकंज्यात करकचून आवळली की तिचा ग्रुप बिघडतो, कधी कधी स्टॉकही तडकतो. ती पुढच्या बाजूने मऊ उशीवर, तोल साधेल तिथे, सैल धरून मारावी, आणि प्रत्येक वेळी उशी त्याच जागी. तिच्या पेलेटला तेल अजिबात लावू नका. तेल आत पेटतं आणि वेग भलताच वाढतो.

मोजायचे शॉट

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. पाच शॉटचा एक सुंदर ग्रुप पडतो, मुलगा फोटो काढतो आणि त्याच डब्याचे वीस डबे मागवतो. पाच शॉटचा ग्रुप फार फसवा असतो. एकच पेलेट, एकच बॅरल, काहीही न बदलता पाच-पाच शॉटचे दोन ग्रुप मारले, तर एक दुसऱ्याच्या दीडपट निघणं अगदी नेहमीचं आहे. त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत प्रत्येक उमेदवाराचे दहा-दहा शॉटचे दोन ग्रुप. क्रम असा ठेवा: पहिल्यापासून सहाव्यापर्यंत एकेक ग्रुप, मग सहाव्यापासून उलट पहिल्यापर्यंत. त्यामुळे सकाळपासून दुपारपर्यंत तापमान वाढलं किंवा सिलिंडरचा दाब उतरला, तरी त्याचा फटका एकाच पेलेटला बसत नाही. थंडीत ही काळजी जास्त घ्यावी लागते. नाशिकची जानेवारीतली सकाळ दहा अंशांच्या खाली असते आणि पत्र्याच्या शेडमधली दुपार चांगलीच उबदार. शक्य असेल तर दोन्ही फेऱ्या एकाच वेळेत, एकाच आठवड्यात उरका.

मोजमाप असं. कागद जाड, टार्गेटचाच कार्ड असावा. साध्या वहीच्या पानाला भोक फाटतं आणि मापच लागत नाही. दहा शॉट एकाच भोकात गेल्यावर त्या भोकाची सगळ्यात लांब बाजू व्हर्नियर कॅलिपरने बाहेरून बाहेर मोजा. उजेड मागून येऊ द्या. कडेला तंतू लोंबत असतील तर नखाने हळूच मागे दाबा, ओढून तोडू नका. मिळालेल्या मापातून ४.५ वजा केले की केंद्र ते केंद्र अंतर मिळतं. जुळलेल्या पेलेटचा दहा शॉटचा ग्रुप मॅच रायफलमध्ये बाहेरून साडेपाच ते पावणेसहा मिमी येतो. साडेसातच्या पुढे जाणारं पेलेट सरळ बाजूला काढा. भोकाचा आकारही बघा: उभा असेल तर वेगाची तक्रार, आडवा असेल तर बहुतेक वेळा शिकंजा किंवा ट्रिगरवरचं बोट, गोल पण मोठा असेल तर पेलेटच जुळत नाही.

रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर काम सोपं होतं, प्रत्येक शॉटची जागा मिळते. ग्रुप मधोमध आणायची गरज नाही. सगळ्या शॉटचा मध्य काढा आणि त्यापासून प्रत्येक शॉटचं सरासरी अंतर घ्या. ही सरासरी ग्रुपच्या मापापेक्षा जास्त खरी असते, कारण ती सगळ्या शॉटचं ऐकते, फक्त बाहेरच्या दोन शॉटचं नाही.

दुसऱ्या फेरीत पहिले दोन किंवा तीनच घ्या आणि प्रत्येकी आणखी तीस-चाळीस शॉट मारा, तसेच आलटून पालटून. इतक्या शॉटनंतरही दोघांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर बरोबरी समजा. मग जे पेलेट सहज मिळतं आणि ज्याचा साठा जास्त आहे ते निवडा. फरक नसताना फरक शोधत राहिलात तर पेलेट संपतील आणि हाती काही लागणार नाही.

परदेशी रायफलीबरोबर कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं, एकच गोल भोक असलेलं. ते जपून ठेवा. तुमचा ग्रुप त्याच्या जवळपासही जात नसेल तर दोष पेलेटमध्येच आहे असं नाही, रायफलही दाखवून घ्या.

काच, काटा आणि डोळे

निवडलेल्या लॉटमधली वाईट पेलेट वेगळी काढायची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. खिडकीच्या काचेचा स्वच्छ तुकडा घ्या, एका बाजूला वही सरकवून हलका उतार करा आणि पेलेट एकेक करून वरून आडवं सोडा. डोकं आणि स्कर्ट यांचा व्यास वेगळा असल्यामुळे प्रत्येक पेलेट वळत वळत खाली येतं. चांगली पेलेट सगळी जवळपास एकाच ठिकाणी पोचतात. ज्याचा स्कर्ट चेपला आहे ते लंगडतं, अडखळतं, भलतीकडे जातं. ते सरावाच्या डब्यात टाका. पेलेट काचेवर उतरताना होणारी बारीक खरखरही कानाला कळते. गोल पेलेटचा आवाज सलग येतो, चेपलेल्याचा तुटक.

वजन करायचं तर सराफाकडे असतो तसा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. सराफ बाजारात ओळख असेल तर एकदा शंभर पेलेट मोजून बघा. चांगल्या लॉटमध्ये वजनं इतकी जवळ असतात की निवडण्यासारखं फार काही सापडत नाही. वजनाने वर्गवारी करण्यात तास घालवण्यापेक्षा स्कर्ट नीट बघणं जास्त फायद्याचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिसं विषारी आहे आणि लहान मुलांना त्याचा जास्त त्रास होतो. पेलेट हाताळल्यावर साबण आणि पाण्याने हात धुवायचे, सॅनिटायझरने शिसं जात नाही. रेंजवर वडापाव हात धुतल्यावरच. पेलेट ओठांत धरायची सवय काही जुन्या मंडळींना आहे, मुलांना ती लागू देऊ नका. शिकंज्याजवळ उभं राहणाऱ्या प्रत्येकाला चष्मा हवा.

लॉट सापडल्यावर

जुळलेला लॉट मिळाला की त्याच लॉटचे जमतील तेवढे डबे लगेच घ्या. पेलेट आयात होतात, पुढच्या महिन्यात दुकानात तोच लॉट असेल याची खात्री नसते. रोज दीडशे शॉटचा सराव असेल तर पाचशेचा डबा चार दिवसही पुरत नाही. म्हणून जुळलेली पेलेट स्पर्धा, स्पर्धेआधीचे आठवडे आणि गुण मोजायचे सराव यांच्यासाठी राखा. पकड आणि तोल यांच्या सरावाला दुसऱ्या क्रमांकाचं पेलेट चालतं. स्पर्धेच्या आठवड्यात मात्र अदलाबदल नको.

डबे टू-व्हीलरच्या डिकीत सुटे नेऊ नका. नाशिकच्या रस्त्यांवर एका फेरीत वरच्या थरातले स्कर्ट चेपतात. डब्यात वरून फोमची चकती घाला, डबा उभा आणि गच्च बसेल असा ठेवा. पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

नाशिकमध्ये नेमबाजी रुजवणाऱ्यांमध्ये भीष्मराज बाम यांचं नाव आदराने घेतलं जातं. हे निवृत्त पोलीस अधिकारी आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ २०१७ मध्ये गेले. त्यांचं काम खेळाडूच्या मनावर होतं, आणि पेलेटच्या चाचणीचा मोठा फायदाही मनालाच होतो. ९.८ पडल्यावर "पेलेटचं काही असेल का?" ही शंका आली की पुढचे तीन शॉट गेलेच. चाचणी केलेल्या मुलीला ती शंका येत नाही, ती सरळ आपल्या श्वासाकडे आणि ट्रिगरकडे वळते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकणारा स्वप्निल कुसाळे नाशिकमध्येच घडला. तो खेळतो त्या .२२ कॅलिबरच्या रायफलमध्येही लॉट तपासण्याला एवढंच महत्त्व आहे, फक्त तिथे अंतर पाचपट असतं.

एक वही करा. तारीख, वेळ, तापमान, सिलिंडरचा दाब, कंपनी, व्यास, लॉट क्रमांक, ग्रुपचं माप, आणि कार्ड त्याच पानाला चिकटवलेलं. साठ्यातले शेवटचे दोन डबे उरले की नव्या लॉटची चाचणी सुरू करा, आणि त्या वेळी जुन्या लॉटचे वीस शॉट सोबत मारायला विसरू नका. नवा लॉट खरंच वाईट आहे की मधल्या काळात बॅरल किंवा रेग्युलेटर बिघडलं आहे, हे फक्त त्या वीस शॉटवरूनच कळतं.